दादाच्या वेळेमागे कोल्हापूरला

कोल्हापूरहून परत आल्यापासून भेटेल तो पहिल्यांदा एकच विचारतो, "अंबाबाईचं दर्शन झालं ना?" नाही झालं. पन्हाळाही पाहिला नाही. रंकाळा जीपच्या खिडकीतून दिसला, तोही पुढे म्हैस आडवी आली म्हणून थांबलो तेव्हा. तीन दिवसांत मी पाहिलं ते एवढंच: उसाच्या फडांमधला डांबराचा एक वळणावळणाचा ट्रॅक, उद्यमनगरातलं लेथचं एक दुकान आणि कोडोलीतला एक गोठा. तरी इतकं दमवणारा प्रवास माझ्या नशिबी याआधी आला नव्हता, म्हणून लिहिते आहे.

मी नागपुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. एकोणीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी, डाव्या सीटवर बसून आहे. तिथे माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि माझा पाय कायम त्याच्यावर असतो. "हळू, हळू, सावकाश," हे शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारते कोण जाणे. अशा बाईनं शर्यतीत गाडी चालवायची ही कल्पना माझ्या भावाची, सुधीरदादाची.

दादाचं गॅरेज आहे. एका डॉक्टरांनी हौसेनं आणलेली, मग वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिलेली जुनी जपानी दोन सीटची गाडी त्यानं घेतली आणि तिला सोलून काढली. गालिचा, एसी, डावी सीट सगळं बाहेर. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, पुढे दुसरं इंजिन, त्याला टर्बो. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी घेऊन तो कोल्हापूरला गेला आणि एक फेरी एक मिनिट सहा पूर्णांक एकतीस सेकंदांत मारून आला. त्याच्या गटात अजून कुणाला ती वेळ मोडता आली नव्हती.

त्याच वर्षी त्याच्या डोळ्यांचा पडदा बिघडत चालल्याचं कळलं. कडेकडेनं दिसतं, मधलं जातं. "माणसाचे कान दिसतात मला, नाक दिसत नाही," असं तो सांगतो आणि स्वतःच हसतो. गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं. त्यानं गाडी मात्र बंद केली नाही. उलट टर्बो बदलला, ब्रेक बदलले आणि एके दिवशी फोन केला.

"मंजू, कोल्हापूरच्या फॉर्मवर तुझं नाव टाकून राहिलो."

"मला विचारलं का तू?"

"आता विचारून राहिलो ना."

मग आठ महिने दर रविवारी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रबरी शंकू मांडून मी शिकाऊ झाले. निघायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "गाडी आता माझ्या वेळेपेक्षा वेगवान हाये." पुढचं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं. वेळ मोडली नाही तर दोष गाडीचा नसणार.

शुक्रवार

गाडी ट्रेलरवर बांधून, जीपनं ओढत आणली. ते दोन दिवस सोडून देते. त्यात सांगण्यासारखं फक्त दादाचं घोरणं होतं.

कोल्हापूर जवळ आलं आणि रस्ता उसानं अडवला. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावर केबिनएवढे भोंगे. आमच्याकडे संत्र्यांचे ट्रक निमूट जातात. इथला ट्रॅक्टरवाला गाणी वाजवत, रस्त्याच्या मधोमध, आपल्याच वरातीत असल्यासारखा चालला होता. त्याच्या मागे अर्धा तास सरपटताना दादानं मला चार वेळा वेळ विचारली आणि मी चार वेळा त्याच्यावर खेकसले.

ट्रॅकवर कागदपत्रं आणि गाडीची तपासणी. टाइम अटॅक हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: यात गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एकेक गाडी एकटीच ट्रॅकवर सोडतात. एक फेरी टायर तापवायला, एक घड्याळावर. अशा तीन संधी मिळतात आणि त्यातली सगळ्यांत कमी वेळ धरतात. चारही चाकं डांबराबाहेर गेली की ती फेरी रद्द. समोर हरवायला माणूसच नसतो. असतं फक्त घड्याळ, आणि घड्याळाला डिवचता येत नाही.

"ड्रायव्हरनं हितं सही करायची," म्हणून टेबलामागच्या माणसानं पेन दादापुढे केलं. दादानं ते माझ्या हातात दिलं. त्या माणसानं एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं. "असं व्हय! करा की मग."

मागच्या भिंतीवर प्रत्येक गटाच्या विक्रमाचा फलक होता. दादानं मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"हाये का अजून?"

"आहे," मी म्हटलं. "सुधीर, नागपूर. एक, सहा, एकतीस."

"अक्षर बरं काढलं का?"

"बरं आहे."

संध्याकाळी मिसळ खायला गेलो. पाव नाही, स्लाइस ब्रेड! नागपूरकर तिखटाला घाबरत नाही. सावजीवर वाढलेली जीभ आहे. पण आमचं तिखट दबा धरून बसतं आणि मागून येतं. इथला लाल कट दारातूनच नाव पुकारत येतो. वाढपी उभाच होता. "कट घ्या की ताई अजून. असं चिमणीवानी काय खाताय?" खरं तर तिखटाचा दोष नव्हता. डोक्यात फलकावरचा आकडा होता. अर्धी बशी तशीच ठेवून मी उठले.

शनिवार

सरावाच्या तिसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्ता संपताना, खाडकन आवाज झाला. गिअरची दांडी हातातून उडाली आणि इंजिन कुशीवर वळल्यासारखं एका बाजूला कललं. गाडी कडेला आणली तोवर दादा कुंपणापाशी ओरडत होता, "बंद कर! डावा माउंट गेला!"

बॉनेट उघडण्याआधीच त्यानं सांगितलं होतं, आणि तेच निघालं. इंजिन ज्यावर गाडीला धरून असतं तो तळहाताएवढा लोखंडी पंजा मधोमध तडकला होता. दादानं तो स्वतः नागपुरात बनवला होता. त्यानं तडा बोटानं चाचपला आणि बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शेवटची तपासणी होती.

शेजारी जयसिंगपूरचा एक स्पर्धक त्याची गाडी पुसत होता. "उद्यमनगरात जावा," तो म्हणाला. "सर्जेरावांचं दुकान कुनाला बी इचारा. आन घाई करू नगासा त्यांच्याम्होरं. आवडत न्हाय त्यास्नी."

उद्यमनगरात दर दहा पावलांवर आवाज बदलतो. एका दारात कातणं, दुसऱ्यात ठोकणं, तिसऱ्यात घासणं. सर्जेराव साठीचे, पांढरा लेंगा, चष्म्याला दोरी. त्यांनी तुकडा उजेडात धरला.

"कुनी केलंय ह्ये?"

"मी," दादा म्हणाला.

"हात चांगला हाय. लोखंड चुकलंय." तुकडा बाकावर टाकून ते पट्ट्या शोधायला आत गेले. दादाला याहून वाईट शब्द मी ऐकवले असते, पण त्याला हे असं सरळ ऐकायला आवडलं असावं. तो आत गेला आणि मापं बोटांनी तपासत त्यांच्याशेजारी उभा राहिला.

तीन तास कापणं, वाकवणं, वेल्डिंग चाललं. पाच वाजता नवा पंजा तयार झाला, लालबुंद. मी हात पुढे केला तर सर्जेरावांनी तो चिमट्यात उचलून राखेनं भरलेल्या डब्यात पुरला.

"आता अडीच तास हात लावायचा न्हाय."

"पंखा लावला तर?" मी विचारलं.

सर्जेरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, पंखा लावला की परत तडा गेला म्हनून समजा. त्येचं त्येला गार होऊ द्या." मग त्यांनी हात धुतले. "मी कोडोलीला जाऊन धार काढून येतो. तुमी बी चला. हितं बसून डब्याकडं बघत काय करनार?"

कोडोली

म्हणून उद्याची शर्यत तोंडावर असताना मी कोडोलीत एका गोठ्यात जाऊन बसले. चार म्हशी, स्वच्छ शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात बादल्या. सर्जेरावांची बायको, सगळे त्यांना आक्का म्हणतात, धारेला बसल्या होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "या, बसा. मी आत्ताच आलो रानातनं." बाई स्वतःला 'आलो' म्हणते हे ऐकून मी चमकले. तिकडे बायका सर्रास असं बोलतात. मी "मी येऊन राहिली होती" म्हटलं तेव्हा आक्काही तशाच चमकल्या.

दादा भिंतीला टेकून शांत बसला. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. थोड्या वेळानं आक्का थांबल्या.

"ताई, पाय का नाचतोय ओ तुमचा?"

माझा उजवा पाय जमिनीवर दाबत होता, सोडत होता, दाबत होता. मला पत्ताच नव्हता.

"म्हशीम्होरं असं करू नगासा. ती बिचकली की पान्हा चोरती. तुमी जरा भाईर बसा बघू."

एकोणीस वर्षं मी लोकांना 'सावकाश' शिकवते आहे, आणि एका म्हशीनं मला वर्गाबाहेर काढलं. अंगणातल्या दगडावर जाऊन बसले. आतून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येऊ लागला, आणि मग दादाचा. सर्जेरावांनी त्याला डोळ्यांचं विचारलं असावं. जे त्यानं दोन वर्षांत घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते तो या अनोळखी माणसाला सांगत होता.

"तिला वाटते, मला माझा रेकॉर्ड तुटलेला पाहिजे."

"मग? न्हाय व्हय?"

"पाहिजे पण, आन नाही पण. त्या दिवशी मला सगळं दिसत होतं ना, सर्जेराव. शेवटचा दिवस होता तो. तो फळ्यावर लिहिलेला हाये तोवर..." पुढचं धारेत बुडालं.

मी उठून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. ऐकायला नको होतं.

आक्कांनी आधी पेलाभर कोमट, फेसाळ दूध दिलं, मग भाकरी, मटकीची आमटी आणि खर्डा. "चालवनार तुमीच व्हय गाडी?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं तर म्हणाल्या, "मग मी बी येतो उद्या बघाय." जेवतानाही माझं लक्ष घड्याळावर होतं. भाकरी उत्तम होती, एवढं आठवतं.

साडेसातला परतलो. डबा उघडला, तुकडा गार झालेला. भोकं पाडली, घासलं, आणि सर्जेरावांनी तो दादाच्या हातात ठेवला. दादानं तो सगळीकडून चाचपला. "आता बरोबर हाये," एवढंच म्हणाला.

रविवार

पहाटे उठून माउंट बसवला. तपासणी झाली. माझा क्रमांक तेवीस. बाकीचे स्पर्धक हसत होते, एकमेकांच्या गाड्यांत डोकावत होते. मी हेल्मेट घालून पाऊण तास आधीच सीटवर बसले, मग उतरले, मग पुन्हा बसले. दादा पाचव्या वळणाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला होता. त्याला गाडी दिसणार नव्हती. पण तो गाडी ऐकतो. मैदानावर दोनशे फुटांवरून त्यानं मला सांगितलंय, "आत्ता घाबरून पाय उचललास."

पहिली संधी: एक, आठ, नव्वद. फेरीभर माझा पाय नागपुरातच होता. प्रत्येक वळणाआधी तो आपोआप ब्रेकवर जात होता, जणू शेजारी एखादा अठरा वर्षांचा मुलगा स्टिअरिंग धरून बसलाय.

दुसऱ्या संधीला मी ठरवलं, ब्रेक लावायचा नाही. म्हणजे अगदी शेवटपर्यंत नाही. दात आवळून पहिली चार वळणं तशी काढली. पाचवं डावीकडे वळतं. तिथे मी इतका उशीर केला की गाडीचं मागचं अंग सुटलं. तोल सावरायला मी स्टिअरिंग सैल सोडलं तशी गाडी वळणाचा कोपरा कापत, आतल्या मातीवरून, सरळ पलीकडे निघाली. चारही चाकं. पत्र्याखाली खड्यांचा पाऊस वाजला. मग पुन्हा डांबर आलं आणि मी तशीच दाबत राहिले.

आत आले तर गोंधळ चालला होता. कर्ण्यावर माणूस ओरडत होता: एक, सहा, बारा! गटाचा नवा विक्रम! कुंपणापलीकडून सर्जेरावांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आक्का डोक्यावरचा पदर सावरत हसत होत्या. जयसिंगपूरवाल्यानं पाठ थोपटली.

मला कळेना. पाचव्या वळणावरचा झेंडेवाला मुलगा तेव्हा पाठ करून वॉकीटॉकीवर बोलत होता, हे मला नंतर समजलं. त्यानं पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

दादा हात पुढे धरून, वाट चाचपत आला. त्यानं टायरवर तळवा ठेवला.

"किती?"

"एक, सहा, बारा."

"हं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "टायर चांगले तापले."

एवढंच. तिसऱ्या संधीला वेळ होता. मी पाणी प्यायले, बाटली ठेवली, पुन्हा उचलली. भिंतीपाशी एक जण शिडी लावत होता, फलकावरचं नाव पुसायला. त्याच्या हातात ओलं फडकं होतं. मी त्या फडक्याकडे बघत राहिले. कोडोलीच्या अंगणात ऐकलेलं वाक्य कानांत होतं, पण खरं सांगायचं तर त्यामुळे नव्हे. मोडायचीच होती ती वेळ. मोडून तर हवीच होती. पण ही मी मोडलेली नव्हती. ती मातीनं मोडली होती.

मी जवळजवळ पळतच तंबूत गेले. टेबलामागे शुक्रवारचाच माणूस होता.

"तेवीस नंबर. माझी फेरी रद्द करा. पाचव्याला चारही चाकं बाहेर होती."

त्यानं कागद चाळले. "तिथल्या पोरानं काय लिहिलेलं न्हाय. तक्रार कुनाची न्हाय, मॅडम."

"मी करून राहिली ना तक्रार."

"स्वतःची?"

"स्वतःची."

त्यानं पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि आकड्यावर आडवी रेघ मारून पुढे 'रद्द' लिहिलं. बाहेर आले तोवर कर्णा बोलून गेला होता. सर्जेराव कुंपणाला धरून उभे होते. "ताई, येडं लागलंय काय? मी अडीच तास राखंत घालून ठिवलं कशासाठी?"

"गप ऱ्हावा," आक्का म्हणाल्या. "अजून एक हाय न्हवं तिची?"

दादा गाडीजवळच होता. कर्णा त्यानंही ऐकला असणार. मी सीटवर बसले. त्यानं खिडकीत वाकून माझा पट्टा ओढून घट्ट केला.

"ऐक. ब्रेक उशिरा लावायच्या नादी नको लागू. तू लावते तिथेच लाव, एकोणीस वर्षांची सवय काय आज जाते? पण लवकर सोड. तू दाबून ठेवते. लाव आणि सोड."

हे मी रोज शिकवते. ब्रेकवर झोपू नका, असं सांगते पोरांना. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी फेरी मला फारशी आठवत नाही. पाय जात होता आणि येत होता, एवढं आठवतं. पाचव्याला गाडी डांबराच्या कडेवरून, मातीला एक बोटही न लावता गेली. शेवटच्या वळणावर मागचं चाक थोडं सरकलं, मी सावरलं, आणि तेवढंच.

एक, सहा, एकोणचाळीस.

दादाच्या वेळेपेक्षा आठ शतांश सेकंद जास्त. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. गटात माझा दुसरा क्रमांक आला. जयसिंगपूरवाल्यानं बाजी मारली, पण दादाची वेळ त्यालाही मोडता आली नाही. शिडीवाला फडकं खांद्यावर टाकून शिडी उचलून घेऊन गेला.

गाडी ट्रेलरवर चढवली. आक्कांनी गूळ आणि खर्ड्याची बरणी दिली. सर्जेराव अजून धुसफुसत होते, पण जाताना बॉनेट उघडायला लावून माउंटवर टिचकी मारून गेले.

पेठ वडगाव मागे पडलं तेव्हा ऊन उतरत होतं. दादानं डॅशबोर्डवरचा निकालाचा कागद माझ्यापुढे धरला. जीप बाजूला घेऊन मी वाचून दाखवला. पहिली, एक आठ नव्वद. दुसरी, एक सहा बारा, रद्द. तिसरी, एक सहा एकोणचाळीस.

"दुसरीची माती ऐकू आली होती मला," तो म्हणाला.

"माहीत आहे. 'हं' म्हणालास तेव्हाच कळलं. मग बोलला काहून नाही?"

"मी कसा बोलणार? माझाच रेकॉर्ड वाचवायला बोललो असं झालं असतं."

"आणि मी पण बोलले नसते तर?"

त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तर कुणालाच सांगितलं नसतं. पण नागपूरपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोललो नसतो."

मी गिअर टाकला. जीप रस्त्यावर आली तसा तो म्हणाला, "शेवटच्या वळणाला मागचं चाक काहून सरकलं ते सांग पहिले. तिथेच गेले तुझे आठ." आणि मग तो जो बोलायला लागला, तो वर्धा येईपर्यंत थांबला नाही.